पुन्हा सकाळ करा

आमच्या संस्थेत त्याला सगळे गनीम म्हणत. समोरही म्हणत, मागेही म्हणत. सैन्यातून बदलून आलेला एखादा अधिकारी पहिल्या दिवशी बिचकायचा. "एका भल्या माणसाला असं का म्हणता हो?" आठवडाभरात तोच जिन्यातून हाक मारायचा, "गनीम, चहाला येताय का?"

जमिनीवरच्या युद्धाचा अभ्यास करणं हे आमच्या संस्थेचं काम. कोणता रणगाडा घ्यावा, तुकडी केवढी असावी, जुनं सैन्य नवं कसं करावं, असल्या प्रश्नांवर आम्ही कागद काळे करत असू. इमारत बाहेरून एखाद्या कर भरायच्या कचेरीसारखी दिसे. तळमजल्यावर मात्र एक लांबलचक दालन होतं आणि त्याच्या फरशीवर पसरलेला नकाशा. तो मी काढायचो. दरवर्षी त्या नकाशावर एक युद्ध व्हायचं. आपली बाजू निळी, शत्रूची तांबडी. लाकडी ठोकळे, ते ढकलायला लांब काठ्या, मधे उंच खुर्चीवर पंच. निळ्यांचं नेतृत्व करायला सैन्यातले वरचे अधिकारी यायचे. तांबड्यांचं नेतृत्व करायची हौस कोणालाच नसे. शत्रू होऊन कोणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणून ते काम आमच्या एका मुलकी संशोधकाच्या गळ्यात पडलं, आणि वीसेक वर्षं तिथेच राहिलं.

गनिमाने गणवेश कधी घातला नव्हता. संस्थेत येण्याआधी तो बसच्या आगारात होता. कोणती गाडी कुठे अडकली, कोणाची टाकी कोरडी, कोणता चालक तापाने झोपलाय, हे सांभाळण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. तिथून त्याला एक खोड लागली. नव्या रणगाड्याचं चित्र पडद्यावर आलं की बाकीचे तोफेकडे बघत, हा टाकीचं झाकण शोधे. "हे पितं किती?" हा त्याचा पहिला प्रश्न. बहुतेक वेळा शेवटचाही तोच, कारण त्यानंतर त्याला कोणी बोलू देत नसे.

पहिल्याच खेळात त्याने निळ्यांच्या रणगाड्यांना हात लावला नाही. मागचा डिझेलचा साठा उडवला. दुपारपर्यंत निळे ठोकळे जिथल्या तिथे थिजले. पंचांनी नियमांचं पुस्तक उलटसुलट चाळलं. त्यात इंधन "मिळत राहील असे गृहीत" धरलेलं होतं. तेव्हाच्या संचालकांनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "पुन्हा सकाळ करा."

ही आमच्याकडची जुनी पद्धत. निळे हरायला लागले की शिपायाने शिडी आणायची, घड्याळाचे काटे मागे फिरवायचे, आम्ही ठोकळे सकाळच्या जागी न्यायचे, आणि शत्रूला सांगायचं की तुमची ती चाल धरलेली नाही. यात कोणाला लबाडी वाटत नसे. लांबून आलेले अधिकारी पहिल्याच दुपारी हरले तर उरलेले दिवस त्यांनी काय करायचं? त्यांना शिकायचं असतं, आणि शिकायला जिवंत राहावं लागतं. ऐकायला हे बरोबरच वाटे. पण निळे त्या इमारतीत कधीच हरले नाहीत. गनिमाच्या विजयाचं अहवालात एकच वाक्य होई: "शत्रूने काही काळ अडथळा निर्माण केला."

तो चिडायचा. आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता, आतल्या आत करपणारा होता. सकाळ परत केली जात असताना तो हातातल्या तांबड्या ठोकळ्याचा रंग अंगठ्याच्या नखाने खरवडत बसे. माझ्याकडे रंगवायला येणाऱ्या प्रत्येक तांबड्या ठोकळ्याचा एक कोपरा उघडा पडलेला असे. मी म्हणायचो, "अरे, रंग तरी ठेव." तो म्हणायचा, "तू पुन्हा रंगवशील. इथे सगळं पुन्हा होतं."

घरी वहिनींनी त्याची पार थट्टा करून टाकली होती. त्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत. संध्याकाळी तो चपला काढतोय तोवर विचारत, "आज किती सकाळी झाल्या?"

"तीन."

"मग तू जेवणार एकदा की तीनदा?"

"हसू नकोस. तुमच्या प्रयोगशाळेत वाईट निकाल आला की पेशंटला परत काल सकाळी पाठवता का?"

"पाठवता आलं असतं तर रांग लागली असती," वहिनी म्हणत आणि ताट वाढत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. त्याच्या बहिणीची नोकरी फिरतीची, म्हणून भाची लहानपणापासून यांच्याकडेच वाढली. या घरात जेवताना डिझेलच्या गोष्टी ऐकून ऐकून असेल, पोरगी शिकली आणि थेट सैन्याच्या पुरवठा विभागात भरती झाली. आता ती सैन्यातल्याच एका इंधन पुरवणाऱ्या कंपनीची प्रमुख होती, तिच्या हाताखाली टँकर आणि चालक. सुट्टीवर आली की मामाच्या पाठीत थाप मारून म्हणायची, "मामा, तू आयुष्यभर शत्रू, आणि मी टँकरवाली. म्हणजे तू माझ्याच मुळावर उठलायस."

"म्हणून तर सांगतो, मोठ्या टँकरांची माळ एका रस्त्याने नेऊ नका."

"मी कुठे नेते? वरून हुकूम येतो, मी माळेतला मणी."

तिने हे हसत म्हटलं होतं. तो मात्र हसला नाही. त्यानंतर त्याने एक योजना आखायला घेतली. एक मोठा साठा आणि टँकरांची लांब रांग ही पद्धतच मोडायची. त्याऐवजी झाडीत, पडक्या गोदामांत, पुलांखाली लपवलेले पुष्कळ छोटे साठे, आणि तिथून पिंपं भरून धावणारे लहान ट्रक. एक साठा गेला तरी बाकीचे जगतील. नवे जड रणगाडे यायचे होते, जुन्यांपेक्षा कितीतरी जास्त पिणारे. सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोफांवर आणि आतल्या इलेक्ट्रॉनिक पडद्यांवर. योजना या टेबलावरून त्या टेबलावर वर्षानुवर्षं फिरत राहिली. कोणी नाही म्हणालं नाही. नाही म्हणालं असतं तर निदान भांडता आलं असतं.

निवृत्तीच्या वर्षी अचानक संचालकांनी त्याला बोलावलं. हे संचालक निवृत्त सेनापती, मृदू आवाजाचे, माणसाला बसवून बोलणारे. म्हणाले, "यंदाच्या खेळात तुमची योजना तपासू. आणि निळ्यांचं नेतृत्व तुम्हीच करा. इतकी वर्षं आमच्या विरुद्ध लढलात, एकदा आमच्या बाजूनेही लढा." पुढची गोष्ट त्यांनी खालच्या आवाजात सांगितली. योजना टिकली तर ती सगळ्यात आधी नव्या रणगाड्यांच्या ब्रिगेडला लागू होणार होती. भाचीची कंपनी त्याच ब्रिगेडला जोडलेली होती.

त्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि खिडकीशी उभा राहिला. मी विचारलं, "काय झालं?"

"ऐकलं," तो म्हणाला. "कोणीतरी ऐकलं."

तांबड्यांचं नेतृत्व आता कोण करणार? त्याच्याच हाताखाली शिकलेली एक संशोधक होती. आम्ही तिला धाकटी म्हणायचो. कमी बोलणारी, बारमाही सर्दी असलेली, हातात सदा रुमाल. गनिमाने तिला सगळ्यांदेखत बजावलं, "माझ्यावर दया करायची नाही."

"नाही करणार, सर," ती नाक पुसत म्हणाली.

पहिला दिवस गनिमाचा होता. धाकटीने त्याचे दोन साठे उडवले, बाकीचे चालू राहिले, रणगाडे पुढे सरकले. अधिकारी माना डोलवत होते. त्याला निळी काठी हातात कशी धरायची हेच कळत नव्हतं. पाहुण्यांच्या घरची कपबशी धरावी तशी धरली होती. दुसऱ्या दिवशी, हवामान ठरवायला चिठ्ठ्यांचा डबा असे, त्यातून चिठ्ठी निघाली: पाऊस. पावसाने रणगाडे थोडे मंदावले, लहान ट्रकांच्या फेऱ्या वाढल्या, इतकंच. संध्याकाळी तो मला म्हणाला, "चाललंय." हा शब्द मी त्याच्या तोंडून प्रथमच ऐकला.

तिसऱ्या सकाळी धाकटी माझ्या टेबलाशी आली. "काका, एक काढून द्याल? ट्रक जिथून जिथून गेले त्या सगळ्या फेऱ्यांच्या रेघा."

"कशाला?"

"काल पाऊस पडलाय ना."

मग ती पंचांच्या उंच खुर्चीखाली जाऊन उभी राहिली. पंच म्हणजे एक निवृत्त कर्नल, उभा जन्म रणगाड्यांत गेलेला. तिने विचारलं, "सर, ओल्या जमिनीवरून भरलेला ट्रक गेला तर खूण राहते?"

"खूण कसली, नांगरटच होते."

"आणि तोच पुन्हा पुन्हा गेला तर?"

"तर रस्ताच होतो, बाई."

"वरून दिसेल?"

पंचांनी जरा विचार केला. "मला चष्म्याशिवाय दिसेल," ते म्हणाले.

मी रेघा काढल्या. पानाच्या शिरा देठाशी मिळाव्यात तशा त्या सगळ्या रेघा मागे जाऊन एकेका साठ्याशी मिळत होत्या. साठे लपलेले होते, झाडी दाट होती, आणि चिखलात उमटलेली प्रत्येक फेरी बोट दाखवत होती. मोठा टँकर एकदा जातो. लहान ट्रक दहादा जातो. धाकटीने रुमाल खिशात ठेवला आणि एकेक साठ्यावर तांबडी फुली ठेवत गेली. दुपारी निळे रणगाडे उभे राहिले.

गनीम गुडघ्यावर बसला. फुल्यांवरून त्याने नजर फिरवली आणि धाकटीकडे बघितलं. "चाकं?"

"चाकं, सर."

क्षणभर त्याचा चेहरा उजळला. आपल्या हातचं पोर आपल्यापेक्षा लांब उडी मारतं तेव्हा येतो तसा उजेड. मग त्याला बाकीचं आठवलं असावं. तो उजेड गेला.

संचालक मागून म्हणाले, "पुन्हा सकाळ करा."

शिपाई शिडी घेऊन आला. मी गनिमाकडे बघत होतो. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यभर ज्या घड्याळाने त्याला हरवलं, ते आज त्याच्यासाठी मागे फिरणार होतं. शिडी भिंतीला टेकली, शिपाई वर चढला, तरी हा जमिनीकडेच बघत होता.

"थांब रे," तो शेवटी म्हणाला. "उतर खाली."

"साहेब, निळे हरले असं लिहा. योजनेत भोक आहे. ते बुजवता येईल. साठे रोज हलवावे लागतील, कडक रस्त्यांजवळ ठेवावे लागतील, चालक वाढवावे लागतील. त्यावर काम करू. पण आधी हरलो असं लिहा."

संचालकांनी त्याला बाजूला घेतलं, म्हणजे माझ्या टेबलापाशी. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "योजना याच आठवड्यात मंजुरीला जाते आहे. हरली म्हटलं की ती परत जाईल. परत गेलेली वस्तू माझ्या हयातीत वर आलेली मी बघितली नाही. तुम्ही बघितली आहे?"

"नाही."

"मग? भोक असलेली का होईना, छत्री मिळते आहे. आधी काय होतं डोक्यावर?"

"त्या भोकाखाली माझी भाची उभी राहणार आहे, साहेब."

"आज ती छत्रीशिवाय उभी आहे," संचालक म्हणाले.

गनिमाने निळी काठी माझ्या टेबलावर ठेवली. तो एवढंच म्हणाला, "मी काठी धरणार नाही," आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर जाऊन बसला. शिपाई पुन्हा शिडी चढला. निळी काठी दुसऱ्या एका अधिकाऱ्याकडे गेली. धाकटी म्हणाली, "पण रेघा तर तशाच आहेत, सर." संचालक पंचांशी बोलले. पंच खुर्चीत चुळबुळले, चष्मा काढला, पुसला. मग त्यांनी जाहीर केलं की आदल्या दिवशीचा पाऊस धरायचा नाही.

पाऊस रद्द झाला. निळे जिंकले. धाकटी शिंकत शिंकत तांबडे ठोकळे गोळा करत होती, कोणाकडे न बघता.

गनिमाने दुसऱ्या दिवसापासून दारं ठोठावली. प्रत्येक दारात त्याचं अभिनंदन झालं. "अहो, तुमचीच योजना, तुम्हीच काय नाही म्हणता?" इतकी वर्षं तो जिंकला हे कोणी मानलं नव्हतं, आता तो हरला हे कोणी मानेना. त्याच्या म्हणण्याचं अहवालात एक वाक्य झालं: "ओल्या जमिनीबाबत पुढे अधिक अभ्यास उपयुक्त ठरेल." निरोपाच्या समारंभात त्याला एक तांबडा ठोकळा काचेच्या पेटीत घालून दिला. रंग मी दिला होता, चारही कोपरे नीट. घरी जाताना तो मला म्हणाला, "हा खरवडायचीही सोय ठेवली नाही तुम्ही."

पुढे योजना मंजूर होऊन तिचं पुस्तक ब्रिगेडला गेलं, आणि एका रविवारी मी त्याच्याकडे गेलो. त्याची बसायची उशी आणि पट्ट्या माझ्या खोलीत राहिल्या होत्या, त्या द्यायला. भाची सुट्टीवर आली होती. गच्चीत दोघं उकिडवी बसलेली, मधे वहिनींच्या कुंड्यांखालचा पसरट ट्रे, त्यात थापलेली ओली माती. रणगाडे म्हणून कोटाची बटणं आणि ट्रक म्हणून दोऱ्याची रिकामी रिळं.

"काका, बघा हो याला," भाची मला म्हणाली. "सुट्टीत पण ड्यूटी."

वहिनी दारातून म्हणाल्या, "माझी झाडं वाळतायत, आणि यांच्या युद्धाला पाणी मिळतंय."

गनिमाने रीळ मातीवरून फिरवलं. एक रेघ उठली. पुन्हा फिरवलं, रेघ खोल झाली. भाची पुढे वाकली. तिला दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही.

"हे पुस्तकात नाही," ती म्हणाली.

"नाही."

"साठ्यांच्या जागा ठरवून आल्यात आम्हाला. तपासणी त्याप्रमाणेच होते. मी हलवल्या तर मला विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून."

"माझं नाव सांग."

"मामा, त्या पुस्तकावर तुझंच नाव आहे. मी एका हातात तुझं पुस्तक धरू आणि दुसऱ्या हाताने तुझं नाव सांगून ते मोडू? मला वेड्यात काढतील."

तो नखाने रिळाचा कागद खरवडत राहिला.

"बरं, खेळू तर," ती म्हणाली. तिला त्याचा चेहरा बघवत नसावा. "तू शत्रू हो."

ती चांगली खेळली. रिळं वेगवेगळ्या वाटांनी नेली, मातीचा कडक भाग शोधला, दोन फेऱ्या वाचवल्या. तरी साठे त्या ठरवून दिलेल्या जागीच होते, आणि त्याला त्या जागा पाठ होत्या. थोड्या वेळाने तिची सगळी रिळं ट्रेच्या बाहेर होती आणि बटणं मातीत नुसती पडून. तिने हात झटकले, हसली आणि बटणं उचलून पहिल्या जागी ठेवायला लागली.

त्याने तिचं मनगट धरलं.

"नाही. राहू दे तशीच. हरलीस."

"बरं, हरले."

"इथून पुढे खेळ."

भाची ट्रेकडे बघत राहिली. वहिनींनी आत नळ बंद केला. मातीतलं पाणी एका कडेला गोळा होत होतं.

"डिझेल संपलंय," ती म्हणाली. "ट्रक गेले. माझी माणसं उघड्यावर आहेत. आता काय करायचं असतं, मामा?"

गनिमाने तिचं मनगट सोडलं. त्याने माझ्याकडे बघितलं, जणू मला काही आठवत असेल. मला काही आठवत नव्हतं.

"ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "इथवर आलो की आम्ही सकाळ करायचो."